बी विंगच्या खड्ड्यातली केळी

आई वसईत माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा भांड्याकुंड्यांच्या आधी तिने पेंढा आणला. टेंपोच्या मागच्या बाजूला मी बसले होते, मांडीवर देव, पायाशी शिलाई मशीन, आणि बाकी सगळा टेंपो पेंढ्याच्या भाऱ्यांनी भरलेला. त्यावर बांबूच्या चटया, त्यावर केळीच्या सुक्या पानांचे बिंडे, आणि सगळ्यात वर, कोणाचा हात लागू नये म्हणून दोरीने घट्ट बांधलेलं एक काळंकुट्ट मडकं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी बसून सारखे मागे वळून बघत होते. बिचाऱ्यांना वाटत असणार, नव्या बिल्डिंगमध्ये आपण पँट-शर्टातले नोकरदार म्हणून उतरणार, आणि मागे हा गोठा. झालंही तसंच. दारात उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी टेंपोकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हैस मागून येतेय का?" हे सावंत. बिल्डिंगचे सेक्रेटरी. मूळचे मालवणकडचे, मुंबईत नोकरी, आणि प्रत्येक गोष्टीला नियम असावा अशी फार हौस.

निर्मळहून, म्हणजे आमच्या गावाहून, आम्ही का निघालो, ते थोडक्यात सांगते, कारण त्यात रमले तर हे प्रकरण तिथेच संपायचं. केळीची वाडी थोरल्या काकांच्या हातात होती, अण्णांची नोकरी अंधेरीला, आणि थोरल्या काकांच्या घरात मुलींची शाळा दहावीला संपायची. संपायची म्हणजे कोणी भांडून बंद करायचं नाही हो. दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी काका म्हणायचे, "छान झालं, आता शिवणक्लास." माझ्या दोन्ही चुलतबहिणींचं छान झालेलं होतं. माझा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी मात्र अण्णा माणिकपूरला जाऊन तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवून आले. माझं अकरावीचं कॉलेज त्या फ्लॅटपासून चालत जाण्यासारखं होतं. तेव्हा फ्लॅट होता तर कॉलेज होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं, आणि आईलाही.

आईचं माहेर चांदीपचं, भातशेतीचं. लग्न होऊन निर्मळला आली तेव्हा तिला केळीतलं काही कळत नव्हतं. घड कधी उतरवायचा, फणी कशी सोडवायची, काही नाही. बायका हसायच्या म्हणे, "भाताच्या पोरीला केळी सोलायला बसवा, साल ठेवेल आणि गर टाकेल." माझ्या आजीने तिला सुकेळी करायला शिकवली. वसईची सुकेळी तुम्ही खाल्ली नसतील तर सांगते. राजेळी केळी भट्टीत धुराच्या उबेवर पिकवायची, सोलायची, आणि चांगलं कडक ऊन बघून चटईवर पेंढा पसरून त्यावर वाळत घालायची. दिवसभर उलटत राहायचं. संध्याकाळी गार वारा सुटायच्या आत सगळी गोळा करून टोपलीत, सुक्या पानांत गुंडाळून निजवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं पाचसहा दिवस. मग ती मधासारख्या रंगाची होतात, चिवट, गोड, आणि वास असा, की डबा उघडला तर शेजारच्या घरातली माणसं काही ना काही निमित्त काढून येतात. सासूच्या हाताखाली शिकलेली ही भाताची पोर पुढे अशी तयार झाली, की गावातल्या बायका आपली केळी पिकली की नाही ते तिला दाबून बघायला सांगायच्या. निर्मळच्या घरात आईचा शब्द असा कधी चालला नाही. भावजींसमोर, म्हणजे थोरल्या काकांसमोर, तर ती दाराआडून बोलायची, तेही मला मध्ये घालून. पण दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की ते पाच-सहा दिवस अख्खं घर तिच्या तालावर चालायचं.

फ्लॅटमध्ये तिला करमेना. जेवायला बसली की उंबरठा शोधायची. नळाला पाणी सकाळी येई ते जेमतेम, करंगळीएवढ्या धारेने, आणि मग सगळ्या बिल्डिंगभर पिंपं सरकवल्याचा, बादल्या ठेवल्याचा आवाज. विहिरीवरची बाई ती, तिला पाण्याला झाकण घालून ठेवणं अपशकुनासारखं वाटे. "पानी काय चोरून नेतंय कोन?" असं म्हणायची, आणि मग स्वतःच पिंपावर दोन झाकणं ठेवायची. समोरच्या फ्लॅटात वाईकडच्या पवारकाकू होत्या, पण त्यांची न् आईची बोलणी दाराच्या फटीपुरती, "झालं का जेवन?" "झालं." तळमजल्यावर फिलूमावशी, पापडीच्या ख्रिस्ती, शाळेत शिक्षिका. त्यांच्याशी आईचं जमायचं, पण त्या दिवसभर शाळेत.

म्हणून दिवाळीनंतर निर्मळहून राजेळीचे घड आले तेव्हा मला बरं वाटलं. आई गुणगुणायला लागली. पण भट्टी कुठे करणार? निर्मळला परसात खड्डा होता, शेणाने सारवलेला. इथे तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठला? आईने दोन दिवस घरभर फिरून पाहिलं आणि बाथरूम ठरवलं. आता हसायला येतं, पण तिचा हिशेब चुकीचा नव्हता. चारी बाजूंनी बंद, छोटी खिडकी, दार घट्ट. खिडकीत तिने गोणपाट कोंबलं, पिंपावर फळ्या टाकून फण्या मांडल्या, पेंढ्याने झाकल्या, आणि खाली त्या काळ्या मडक्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, न् भाताचं तूस पेटवून धूर सोडून दार लावून घेतलं. सगळं बरोबर केलं होतं तिने. फक्त एक गोष्ट निर्मळला कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांची बाथरूमं आतून एकमेकांना जोडलेली असतात. माझ्या मोरीची जाळी न् तुझ्या मोरीची जाळी एकाच पाइपाची लेकरं.

सकाळची वेळ. मी केस विंचरत होते, कॉलेजला निघायचं होतं. आधी वरून कोणीतरी ओरडलं. मग खालून. मग जिन्यावर धावपळ, आणि सावंत, कमरेला टॉवेल, अंगभर साबण, एका डोळ्याला फेस, आमच्या दारात. "आग! तिसऱ्यावर आग!" मागून चौथ्या मजल्यावरचे, दुसऱ्यावरचे, ज्याच्या त्याच्या हातात बादली. आई दार अडवून उभी, "आग नाय ओ, केली हायत, केली!" पण तिच्या तोंडात केळीची 'केली' होतात, आणि धुरात कोण ऐकतंय? पवारकाकूंनी तर पिंपच ओढत आणलं. बाथरूमचं दार उघडलं आणि बादल्यांवर बादल्या. मडकं फुटलं, फण्या खाली, तूस पाण्यावर तरंगत पॅसेजमध्ये, तिथून जिन्यावर. सगळं शांत झाल्यावर फिलूमावशी खालून वर आल्या, शाळेच्या साडीत, नाक वर करून हुंगत. "कोण म्हणतंय आग? ही भट्टी आहे. राजेळी आहे ना गं?"

सावंत टॉवेल सावरत म्हणाले, "बाई, आज केळी पिकवलीत, उद्या चूल मांडाल, परवा म्हैस बांधाल. ही सोसायटी आहे."

"आणि तुमचे बांगडे गॅलरीत वाळतात ते?" फिलूमावशी म्हणाल्या. "त्याचा वास आम्ही तळमजल्यापर्यंत सोसतो. आम्ही काही म्हैस काढली?"

लोक हसले, पण हसून झाल्यावर सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. बिल्डिंगभरची पिंपं रिकामी होती. नळ जाऊन बराच वेळ झाला होता, आणि आता उद्या सकाळपर्यंत पाणी नाही. चार मजल्यांचं दिवसभराचं पाणी आमच्या पॅसेजमधून जिना उतरून रस्त्यावर गेलं होतं. कोणी काही बोललं नाही. एकेक जण रिकामी बादली घेऊन खाली गेला. ते न बोलणं आईला लागलं. ती भिंतीला टेकून बसली आणि एकच वाक्य परत परत, "लोकांचं पानी सांडलं माझ्यामुलं." चांदीपच्या बाईला हे काय होतं ते आजच्या पोरांना नाही कळायचं. तिच्या हातून धान्य सांडलं असतं, दागिना हरवला असता, तरी ती इतकी खचली नसती.

दुपारी तिने पेटी भरली. "मी जाते निर्मलला. मला हे जमायचं नाय. अण्णांना सांगून ठेव, भावजींना निरोप धाडा, गाडी घेऊन या म्हनून." मी विचारलं, "आणि माझं कॉलेज?" ती पेटीतली लुगडी नीट करत राहिली. वर पाहिलं नाही. मला उत्तर कळलं. आई निर्मळला म्हणजे मी निर्मळला. अण्णा तर पाळीवर, कधी रात्री येत कधी पहाटे, एकट्या मुलीला फ्लॅटमध्ये कोण ठेवणार? पुस्तकं मी स्वतःच पिशवीत भरली. रडले नाही. राग इतका आला होता की रडू येईना. केळ्यांचा राग, पाइपाचा राग, आईचा सगळ्यात जास्त.

संध्याकाळी दार वाजलं. पवारकाकू. हातात कळशी, अर्धी भरलेली. "भाभींच्या टाकीतनं आणलं मागून," म्हणाल्या. कोणत्या भाभी ते मला आजतागायत कळलेलं नाही. "तुमच्या पिंपावर तर फळ्या होत्या, तुमचं तर पहिलंच सांडलं असंल. पोरीला चहा तरी करून घाला."

आईने पदर तोंडाला लावला. "तुमी मला पानी देताय?"

"आवो मग काय करू? वतलं ते वतलं. मला वाटलं तुम्ही जळताय आत." पवारकाकूंनी पॅसेजमध्ये ढीग करून ठेवलेल्या फण्यांकडे पाहिलं. "ह्याचं आता काय?"

"टाकायची. अर्ध्यात ऊब तुटली. आता आत गाठ राहनार. आज परत भट्टी लागली तर हाय, नाय तर गेली."

"मग लावा की."

"कुठे लावू? तुमच्या बाथरूमात?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आधी पवारकाकूंना हसू फुटलं, मग आईला. त्या घरात आल्यापासून आई पहिल्यांदा हसली, ते तेव्हा. फिलूमावशी वर आल्या होत्या काय चाललंय ते बघायला, त्या म्हणाल्या, "फेकायची? राजेळी? खाली एवढा मोठा खड्डा आहे, तो काय सावंतांच्या बापाचा?"

खड्डा म्हणजे बी विंगचा. आमच्या बिल्डिंगचं नाव कागदावर ए विंग. बी विंगसाठी बिल्डरने पाया खणला आणि मग तो दिसेनासा झाला. खड्डा राहिला. पोरं त्यात लपाछपी खेळत, बायका त्यात कचरा टाकत. त्या संध्याकाळी तिघी बायका त्यात उतरल्या. एका कोपऱ्यात आईने फावड्याने जागा साफ केली, फिलूमावशींनी घरचा जुना पत्रा आणला, पवारकाकूंनी मला शेणी आणायला शेजारच्या गोठ्यावर पिटाळलं. फुटलेल्या मडक्याचा मोठा तुकडा होता, त्यातच तूस पेटवलं. भोवती फण्या, वर पत्रा, पत्र्यावर माती. सावंत कंपाउंडपाशी येऊन उभे राहिले, कपडे केलेले, केसांचा भांग पाडलेला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. ते बराच वेळ नियम शोधत होते, मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "हा प्लॉट सोसायटीच्या हद्दीत येत नाही. मी काही पाहिलं नाही." आणि जाताना वळून, "पत्र्याच्या डाव्या बाजूने धूर सुटतोय. माती घाला."

केळी पिकली. एवढी सुंदर पिकली की आईला स्वतःलाच नवल वाटलं. मग गच्ची. गच्चीची किल्ली सावंतांनी दिली नाही म्हणावं तर ती दारातच लावलेली होती. चटया पसरल्या, पेंढा पसरला, सोललेली केळी ओळीने मांडली. पहिल्या दिवशी कावळे हाकलायला मी बसले, कॉलेज तसंही संपलंच होतं माझं. दुपारी पवारकाकू भाकरी घेऊन वर आल्या आणि खालीच गेल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यात कुरडया घालतात उन्हाळ्यात. इथं आल्यापास्नं घातल्या न्हाईत. कोण काय म्हणंल म्हणून." आई म्हणाली, "घाला की. मी हाय ना." आणि लगेच केळ्यांकडे वळली, कारण ती असणार नव्हती. पेटी खाली भरलेली होती.

इथे जरा थांबते. परवा आमच्या सुनेने मोबाइल दाखवला. आम्ही आता विरारला राहतो, बाविसाव्या मजल्यावर, मुलाच्या घरी. जुन्या बिल्डिंगचं पाडकाम सुरू झालंय, तिथे टॉवर येतोय. बी विंगसुद्धा होणार म्हणे, एकदाची. तर मोबाइलवर इथल्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये भांडण. कोणा नव्या बाईने, बिहारकडच्या, फायरच्या जिन्यात कैरीच्या फोडी वाळत घातल्या होत्या. फोटो काढून टाकलेला, खाली सतरा जणांचे आंबट चेहरे, आणि सेक्रेटरीचं लांबलचक पत्र, उद्या हे लोक चूल मांडतील. मी मोठ्याने हसले. सुनेला वाटलं मला बरं नाहीये. मला लोक विचारतात, तुम्ही एवढी वसई बदललेली पाहिली, कसं वाटतं? अहो, बदललं तर सगळंच. भाताच्या खाचरांवर मॉल आले, विहिरी बुजल्या, निर्मळला मोगऱ्याची वाडी होती तिथे आता गाड्या लागतात. किल्ल्यात तर केवढं शहर होतं एके काळी, रस्ते, दवाखाने, चर्चं. त्याच्या भिंतींतून आता वड वाढलेत. शहर मोडतं, पुन्हा उभं राहतं. पण कोणीतरी नवीन बाई येते, बरोबर आपल्याकडचं काहीतरी आणते, आणि ते वाळवायला जागा शोधत जिन्यात उभी राहते. ते काही बदललेलं मी पाहिलं नाही. मी खाली जाऊन त्या बाईला आमच्या गॅलरीची वेळ सांगून आले. दुपारी बारानंतर तिथे चांगलं ऊन येतं.

तर केळी दोन उन्हं खाऊन झाली होती. रंग धरायला लागली होती. आणि अण्णांनी धाडलेल्या निरोपावर थोरले काका आले. खाली टेंपो उभा करून ते तिसऱ्या मजल्यावर आले, घराला कुलूप पाहून आवाजाच्या रोखाने गच्चीवर आले. गच्चीत आई, पवारकाकू, आणखी दोघी-तिघी, सगळ्या केळी उलटत बसलेल्या. आई झटकन उठली, पदर डोक्यावर ओढला आणि आड व्हायला दार शोधू लागली. गच्चीवर दार कुठलं? मोकळं आभाळ आणि कठडा. ती पाण्याच्या टाकीच्या बाजूला सरकली, पण टाकी ठेंगणी होती.

काका दुसरीकडे बघत मला म्हणाले, "शालू, आईला सांग, टेंपो आणलाय. सामान काढा."

आई माझ्यापासून दोन हातांवर. मी वळून सांगितलं, "आई, काका म्हणतायत टेंपो आणलाय."

"सांग त्यांना, केली उन्हात हायत."

"काका, आई म्हणते केळी उन्हात आहेत."

"कळतंय मला. सांग तिला, टोपल्यांत भरा, निर्मळला वाळवू. तिथे काय ऊन नाही?"

पवारकाकू मघापासून इकडून तिकडे मान वळवत होत्या. त्यांना राहवेना. "आवो, त्या हितंच हायत की. पोरीला का दमवताय?"

एक बाई खुदकन हसली. काकांचे कान लाल झाले. आईने एकदा त्या बायकांकडे पाहिलं, एकदा चटईवरच्या केळ्यांकडे. मग माझ्याकडे न बघता, पदर डोक्यावर तसाच, पण मान सरळ करून ती म्हणाली,

"भावजी, सुकेली उन्हात असताना बाई घर सोडत नाय. चटई हलली की केली रुसतात. हे तुमच्या आईनीच शिकवलंय मला."

एवढ्या वर्षांत तिने त्यांच्याशी केलेलं हे पहिलं बोलणं. काकांच्या आईचा शब्द होता, खोटा कसा म्हणणार? ते लहानपणापासून ऐकत आले होते. मग वाकून एक केळं उचललं, बोटाने दाबलं, परत ठेवलं, उलटं करून, ज्या बाजूला ऊन लागायचं होतं ती वर येईल असं. आणि आईकडे सरळ बघत म्हणाले, "बरं. वाळली की निरोप पाठवा."

टेंपो रिकामा गेला. मी कठड्यावरून वळणापर्यंत बघत होते. परत येऊन बसले तर आई केळी उलटत होती, अंगठ्याने एकेक, मान खाली.

"काय गं," ती म्हणाली, "आज कॉलेज नाय तुला?"

"आई, आपण जाणार होतो ना? मी पुस्तकं भरून ठेवलीयत."

"वालायला अजून दोनचार दिवस हायत. तवर काय घरात बसून रानार? जा. कावले मी बघते."

मी पिशवीतली पुस्तकं काढली आणि गेले. ती सुकेळी वाळली, पण तोवर पवारकाकूंचे तीळ वाळत होते, आणि ते आई बघत होती. मग उन्हाळा आला, मग कुरडया. थोरल्या काकांना निरोप जायचा राहूनच गेला.